तोंडात किडे पडतील : एका शापाची वैद्यकीय आवृत्ती

खोटे बोलणाऱ्याला, वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देणाऱ्याला, देवाधर्माची निंदा करणाऱ्याला मराठीत एक ठरलेला शाप आहे : तोंडात किडे पडतील. बंगालीतही हा शाप जवळपास याच शब्दांत दिला जातो. शाप देणाऱ्याला किड्यांविषयी काही सांगायचे नसते. जे घडेल ते त्या माणसाच्या करणीचे फळ असेल आणि म्हणून त्याची कीव करण्याचे कारण नाही, एवढेच त्यातून सुचवायचे असते.

माणसाच्या तोंडात खरोखरच अळ्या पडतात. माशीच्या अळ्यांनी जिवंत प्राण्याच्या शरीरात घर करण्याला वैद्यकात मायासिस म्हणतात. माशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून फ्रेडरिक होप यांनी १८४० साली ही संज्ञा रूढ केली. तोंडातील मायासिसचे वर्णन १९०९ पासून वैद्यकीय वाङ्मयात आढळते. भारतातील दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत अशा रुग्णांचे अहवाल सातत्याने छापून येतात आणि अधूनमधून त्यांतील एखादा वृत्तपत्रांपर्यंत, तेथून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. मथळ्यात अळ्यांची संख्या असते, चित्रात चिमट्याच्या टोकाशी वळवळणारी अळी असते आणि शेवटच्या परिच्छेदात कारण असते : तोंडाची अस्वच्छता. वाचक शहारतो, दोन वेळा दात घासण्याचा निश्चय करतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

हे कारण ज्या सहजतेने लिहिले जाते आणि ज्या सहजतेने स्वीकारले जाते, तीच चिंतेची बाब आहे. अस्वच्छ तोंड आणि अळ्या यांचा संबंध खोटा नाही. परंतु 'अस्वच्छतेमुळे झाले' हे वाक्य विज्ञानाचे निदान म्हणून उच्चारले जाते आणि शापाचे काम करून जाते. रुग्णाने दात घासले नाहीत, म्हणून त्याच्या तोंडात किडे पडले. येथे कर्मफळाचा सिद्धान्त तोच राहिला आहे, फक्त त्याने पदव्युत्तर पदवी घेतली आहे.

प्रथम माशीचे ऐकावे. भारतात माणसांत आणि गुराढोरांत आढळणाऱ्या मायासिसची प्रमुख जबाबदारी ज्या माशीवर जाते तिचे नाव क्रायसोमिया बेझियाना. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कीटकशास्त्रज्ञ वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी १९२० साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये या माशीवर जो लेख लिहिला, त्यात तिची ही ओळख पक्की झाली. त्यापूर्वी हिंदुस्थानातील डॉक्टर नाकातील अळ्यांच्या विकाराला देशी भाषांतून उचललेल्या 'पीनस' या नावाने ओळखत असत; नेमकी कोणती माशी हे करते, याचा घोळ बराच होता.

या माशीचे वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घेण्याजोगे आहे. घरमाशी उकिरड्यावर, शेणावर, कुजलेल्या अन्नावर वाढते. अन्य काही माश्या मेलेल्या प्राण्यावर वाढतात आणि संधी मिळाली तर जखमेतही शिरतात. बेझियानाच्या अळीला मात्र जिवंत, उष्ण रक्ताच्या प्राण्याचे मांस लागते. उकिरड्यावर तिची अळी वाढत नाही. मादी जखमेच्या कडेला एका वेळी शे-दीडशे किंवा त्याहून अधिक अंडी चिकटवते. गुरांच्या बाबतीत तिला मोठी जखम लागतच नाही. गोचिडीने चावलेली जागा, वासराची न वाळलेली नाळ, काटेरी तारेचा ओरखडा तिला पुरतो. साधारण एका दिवसात अंडी फुटतात. अळ्या डोके मांसात खुपसून, शेपटीकडची श्वसनरंध्रे हवेत ठेवून आत शिरत जातात आणि पाच ते सात दिवसांत पूर्ण वाढून, कोष करण्यासाठी जमिनीवर गळून पडतात.

म्हणजे या माशीचा शोध घाणीसाठी नसून जखमेसाठी असतो. हिरड्यांचा जुनाट रोग, सुटलेले दात, त्यांतून येणारा दर्प आणि पाझरणारे रक्त हे तिला आकर्षित करतात, यात वाद नाही. पण तेवढ्याने भागत नाही. निरोगी माणसाचे तोंड ही माशीसाठी जवळजवळ अशक्य जागा आहे. ओठ मिटलेले असतात, जीभ सतत फिरत असते, लाळ वाहत असते, चघळणे आणि गिळणे चालू असते, आणि माशी नुसती गालावर बसली तरी हात आपोआप उठतो. तोंडात अळ्या पडण्यासाठी ही सर्व संरक्षणे एकाच वेळी ढासळावी लागतात. तोंड उघडे राहिले पाहिजे, माणूस निश्चल पडलेला पाहिजे, त्याचा हात उठता कामा नये. आणि हे सारे काही दिवस चालू राहिले पाहिजे.

अहवालांतील रुग्ण पाहिले की हेच दिसते. मेंदूच्या पक्षाघाताने जन्मापासून अंथरुणाला खिळलेले मूल, ज्याचे ओठ मिटत नाहीत. अर्धांगवायूचा झटका आलेली वृद्धा. तीव्र मनोविकाराने ग्रासलेला, रस्त्यावर झोपणारा माणूस. अपस्माराचा जुना रुग्ण. मद्याच्या अमलाखाली तासन् तास बेशुद्ध पडणारा मजूर. तोंडाच्या कर्करोगाची जखम गालातून बाहेर फुटलेला रुग्ण. अळ्या बहुधा वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या हिरडीत सापडतात, आणि त्यात नवल नाही : उताणे पडलेल्या, तोंड उघडे टाकून श्वास घेणाऱ्या माणसाच्या मुखात तीच जागा माशीच्या सर्वांत जवळ असते. या यादीत 'मी आज दात घासावे की नाही' असा निर्णय स्वतःच्या हाताने घेऊ शकणारा माणूस शोधावा लागतो. ज्याला हात उचलता येत नाही त्याच्या नावावर अस्वच्छतेचा गुन्हा दाखल करणे हे निदान कोणत्या अर्थाने?

संख्याशास्त्राचा पहिला धडा शिकलेल्या विद्यार्थ्यालाही येथे अडखळायला हवे. हिरड्यांचे रोग भारतात कोट्यवधी लोकांना आहेत. माश्या सर्वत्र आहेत. अस्वच्छ तोंड हे पुरेसे कारण असते, तर कोणत्याही शहरातील दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज सकाळी याच रुग्णांची रांग लागली असती. तशी ती लागत नाही. कोट्यवधींत असलेली गोष्ट मोजक्यांत घडणाऱ्या घटनेचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. त्या मोजक्यांत वेगळे काय आहे, हे पाहावे लागते. वेगळे आहे ते परावलंबन.

आणखी एक पुरावा प्रत्येक अहवालात छापलेला असतो, आणि तो वाचला जात नाही. अळ्यांची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. श्वसनरंध्रांच्या रचनेवरून त्या दुसऱ्या अवस्थेतील की तिसऱ्या, हे सांगितलेले असते. न्यायवैद्यकातील कीटकशास्त्रज्ञ प्रेतावरील अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ ठरवतात. तोच हिशेब जिवंत माणसाच्या तोंडाला लावला, तर उत्तर वेगळ्या प्रश्नाचे मिळते : या तोंडात शेवटचे कोणी डोकावले ते केव्हा? तिसऱ्या अवस्थेतील, वाढ पूर्ण होत आलेली अळी टाळूतून निघाली, याचा अर्थ माशीने अंडी घातल्यापासून कित्येक दिवस त्या तोंडाजवळ कोणी दिवा नेला नाही. दात घासणे दूरच. नुसते पाहिलेही नाही. टाळूला सूज आली, वास बदलला, हिरडीतून काही हलताना दिसू लागले, रुग्ण कण्हत राहिला, जेवण बंद झाले. हे सगळे घडत असताना त्याला भरवणारे कोणीतरी असेल किंवा नसेल. अळी हे घड्याळ आहे. ते रुग्णाच्या सवयींची वेळ दाखवत नाही, त्याच्या भोवतालच्या माणसांच्या आणि संस्थांच्या गैरहजेरीची दाखवते.

रुग्णालयात दाखल असताना मायासिस झाल्याच्या घटनांची नोंद अनेक देशांतील वाङ्मयात आहे. अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णही त्यात आहेत. तेथे अस्वच्छता कोणाची?

आता कोलकात्याकडे पाहावे. या शहरावर रोष धरण्यासाठी नव्हे. या प्रश्नाचे धागेदोरे भारतात जितके तेथे एकत्र आले तितके अन्यत्र क्वचित आले असतील, म्हणून. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेची स्थापना १ जुलै १९१६ रोजी या शहरात झाली आणि तिचे मुख्यालय आजही तेथेच आहे. या देशातील माश्यांचे वर्गीकरण हा तिच्या कामाचा भाग. उष्णकटिबंधीय रोगांच्या अभ्यासासाठी लिओनार्ड रॉजर्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनची कोनशिला १९१४ साली बसली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी तिचे वर्ग सुरू झाले. परजीवी आणि त्यांचे वाहक हाच तिचा विषय. आणि १९२० साली, म्हणजे पॅटन यांचा लेख छापला गेला त्याच वर्षी, डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी याच शहरात भारतातील पहिले दंत महाविद्यालय काढले.

डॉ. अहमद यांची हकीकत दंतवैद्यकाच्या बाहेर फारशी सांगितली जात नाही, म्हणून जरा थांबावे. पूर्व बंगालमध्ये १८९० साली जन्मलेला हा माणूस अमेरिकेत गेला, आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन परतला, आणि सरकारी अनुदानाची वाट न पाहता महाविद्यालय काढून बसला. त्याचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालवले. गोड विकून दातांचे शिक्षण चालवणे यातला विनोद त्यांच्याही ध्यानात आला असणार. दंतवैद्यकाचे नियतकालिक त्यांनी काढले, १९३९ च्या बंगाल दंतवैद्यक कायद्यासाठी आणि पुढे १९४८ च्या देशव्यापी कायद्यासाठी ते झटले, आणि १९४९ साली महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. आज ते त्यांच्याच नावाने चालते. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिन भारतात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो.

माशी ओळखणारे, परजीवी शिकवणारे आणि तोंड तपासणारे अशा तीन विद्या एका शहरात, एका दशकात रुजल्या. शंभर वर्षांनंतर देशात दंत महाविद्यालयांची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून चालू आहे. तरीही तोंडात अळ्या पडलेला रुग्ण ज्या वाटेने रुग्णालयात येतो, ती वाट बदललेली नाही : तो फार उशिरा, दुसऱ्याच्या खांद्यावर येतो. याचे एक कारण दंतवैद्यकाच्या घडणीतच आहे. ही सारी विद्या खुर्चीभोवती उभारलेली आहे. रुग्णाने चालत यावे, खुर्चीत बसावे, सांगितल्यावर तोंड उघडावे, ही तिची गृहीतके आहेत. ज्याला हा विकार होतो तो यांतील एकही गोष्ट करू शकत नाही. आणि जो डॉक्टर अंथरुणापाशी जातो, तो रक्तदाब पाहतो, छाती ऐकतो, पाठीवरच्या जखमा तपासतो. त्याच्या शिक्षणात दात हा दुसऱ्या महाविद्यालयाचा विषय होता. तोंड हा अवयव दोन विद्यांच्या सीमारेषेवर पडला. आणि सीमेवरच्या गावाकडे दोन्ही सरकारे पाहत नाहीत, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

कोलकात्याचे नाव अळ्यांशी जोडले गेले ते मात्र या कुठल्याही संस्थेमुळे नाही. ऑस्लो येथे डिसेंबर १९७९ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने केलेल्या भाषणात मदर तेरेसांनी गटारातून उचललेल्या, किड्यांनी अंग पोखरलेल्या एका माणसाची हकीकत सांगितली. माणूस मरताना कृतज्ञ होता, हा त्या हकीकतीचा गाभा होता. जगाने ती ऐकली आणि डोळे पुसले. कालीघाटचे त्यांचे निर्मल हृदय १९५२ पासून अशा माणसांना आसरा देत होते, आणि ज्याला शहराने रस्त्यावर टाकले त्याला छप्पर देणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु 'लॅन्सेट' या नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तेथील व्यवस्था पाहून १९९४ साली जे लिहिले, त्याचा रोख वेगळा होता : बरा होऊ शकणारा आणि न होऊ शकणारा रुग्ण यांत फरक करणारे निदान तेथे नव्हते, आणि वेदनाशमनाची औषधे पुरेशी नव्हती. या टिप्पणीवर पुष्कळ गदारोळ झाला. तिच्यातला प्रश्न जागच्या जागी आहे. अळ्या पडलेला माणूस हा करुणेचा विषय झाला, किळसेचा विषय झाला, पुण्याचा विषय झाला; साध्या, कंटाळवाण्या, रोजच्या शुश्रूषेचा विषय तो झाला नाही. साधूच्या कथेत त्याने मरताना आभार मानायचे असतात, बातमीत त्याने दात न घासल्याची कबुली द्यायची असते. दोन्हीकडे त्याला तिसरे वाक्य नाही.

भाषेचाही यात थोडा दोष आहे. मराठीत दाताला 'कीड लागते'. बंगालीत दातात 'पोका' लागतो. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये कृमिदंत आहे. दातात खरोखर किडा राहतो ही समजूत बॅबिलोनपासून युरोपपर्यंत सर्वत्र होती. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात तिला नकार दिला, आणि विलोबी मिलर यांनी १८९० साली दात पोखरण्यामागे तोंडातील सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेले आम्ल असते हे दाखवून ती वैद्यकातून घालवली. लोकव्यवहारातून ती गेली नाही. बंगालमध्ये भटक्या बेदे समाजातील स्त्रिया दातातले किडे काढून दाखवत आल्या आहेत, महाराष्ट्रात रिंगणीच्या बियांची धुरी घेतली जाते. किडा म्हणून जे दाखवले जाते ते दातातले नसते. परिणाम असा की खरोखर अळ्या पडलेल्या माणसाच्या घरी दोन्ही समजुती एकदम जाग्या होतात. 'दाताला कीड असतेच' म्हणून दुर्लक्ष होते, आणि ती हलताना दिसली की शाप आठवतो, लाज वाटते आणि दार लावून घेतले जाते. अशा घरात 'अस्वच्छतेमुळे झाले' हे डॉक्टरचे वाक्य पडले की लाजेवर शिक्का बसतो. पुढच्या वेळी ते कुटुंब आणखी उशिरा येईल.

आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे : स्वच्छता सांगायची नाही का? जरूर सांगावी. दात, हिरड्या आणि जीभ स्वच्छ राहिली तर माशीला जागा उरत नाही, हे खरेच आहे. प्रश्न वाक्याच्या कर्त्याचा आहे. 'रुग्णाचे तोंड अस्वच्छ होते' आणि 'रुग्णाचे तोंड कोणी स्वच्छ केले नव्हते' या दोन वाक्यांत वैद्यकीय माहिती सारखीच आहे. पहिल्यातून दंतमंजनाची जाहिरात निघते. दुसऱ्यातून चौकशी निघते : घरी कोण असते, ती किती तास कामाला जाते, तिला कोणी शिकवले होते का, गावच्या आशा कार्यकर्तीच्या यादीत हे घर आहे का, रुग्णालयाने घरी सोडताना तोंडाविषयी एक ओळ तरी लिहून दिली होती का. जी भाषा चौकशी टाळते ती शास्त्रीय भाषा नसते, कितीही मोजमापे तिच्यात असली तरी.

गुरांच्या बाबतीत जगाने चौकशी टाळली नाही, ही यातली सर्वांत झोंबणारी तुलना. अमेरिका खंडातील या माशीची सख्खी चुलत बहीण, कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स, तेथील पशुपालकांचे अतोनात नुकसान करीत होती. गाईने अंग स्वच्छ ठेवावे असा उपदेश तेथे कोणी केला नाही. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलंड यांनी किरणोत्साराने नपुंसक केलेले नर सोडून माशीची पैदास मोडण्याची पद्धत काढली. कुरसाव बेटावर १९५४ साली ती यशस्वी ठरली आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेतून, मेक्सिकोतून माशी हटवली गेली. लिबियात १९८८ साली ती शिरली, तेव्हा मेक्सिकोत वाढवलेल्या नपुंसक माश्या विमानाने समुद्रापार नेऊन तिचा बंदोबस्त करण्यात आला. निपलिंग आणि बुशलंड यांना १९९२ साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. २०२३ नंतर ही माशी मध्य अमेरिकेतून पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली, २०२४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोत आढळली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एल साल्वादोरहून अमेरिकेत परतलेल्या एका माणसाला तिची बाधा झाल्याचे जाहीर झाले. त्या बातमीचा सगळा रोख माशीवर होता, प्रवासावर होता, गुरांच्या बाजारावर होता. बाधा अमेरिकेतल्या माणसाला झाली की माशी दोषी ठरते. भारतातल्या गरीब माणसाला झाली की तोंड.

उपचार दुर्मीळ नाहीत. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जखमेवर धरला की श्वास कोंडल्याने अळ्या वर येतात आणि चिमट्याने काढता येतात. हे काम काही दिवस पुन्हा पुन्हा करावे लागते. मेलेली ऊती काढून जखम धुतली जाते, प्रतिजैविके दिली जातात, आणि अलीकडे आयव्हरमेक्टिनही दिले जाते. हे तेच औषध, ज्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे सगळे रुग्णालयातच व्हायला हवे. घरी रॉकेल किंवा फिनेल तोंडात ओतण्याचा प्रयोग गुरांच्या जखमांवरून माणसावर उतरतो, आणि गिळता न येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात रॉकेल गेले तर अळ्यांपेक्षा तेच आधी जीव घेईल. वेळेवर आलेला रुग्ण बहुतेक वेळा बरा होतो. वेळ गेली तर टाळूला भोक पडते, हाड उघडे पडते, अळ्या नाकाच्या पोकळीकडे सरकतात.

तोंडाच्या कर्करोगाचा उल्लेख वर ओझरता आला, पण त्याचा आकडा ओझरता नाही. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतील ज्यांचा आजार उपचारांपलीकडे जातो, त्यांची उघडी जखम शेवटचे कित्येक आठवडे घरीच असते. माशीच्या दृष्टीने यापेक्षा सोपी जागा नाही. दात घासण्याचा उपदेश या माणसाला करून पाहावा. त्याला तोंड उघडताच येत नाही.

कोलकात्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी मोठ्या प्रमाणावर आया घेतात. गल्लोगल्ली आया सेंटरे आहेत, बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत. मुंबई-पुण्यात त्यांना मावशी म्हणतात, ब्यूरोतून येतात. खेड्यात हे काम सुनेकडे, मुलीकडे किंवा आईकडे असते. रुग्णाला कूस बदलून दिली पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे आता यांतील अनेकींना ठाऊक झाले आहे. कोणीतरी ते शिकवले म्हणून. तोंडाचे शिक्षण याहून अवघड नाही. बोटाला ओले स्वच्छ कापड गुंडाळून दिवसातून दोनदा गाल, हिरड्या आणि जीभ पुसणे. विजेरी घेऊन टाळूकडे एकदा पाहणे. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यावर दिवसाही मच्छरदाणी टाकणे. हिरडीला भोक, टाळूला सूज किंवा नेहमीपेक्षा वेगळा दर्प जाणवला तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगणे. पंधरा मिनिटांत शिकवता येईल असे हे काम आहे आणि त्यासाठी लागणारे सर्व साहित्य कोणत्याही घरात सापडते.

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद दिला जातो, त्यावर औषधांचे रकाने असतात, आहाराचा असतो, पुढच्या भेटीच्या तारखेचा असतो. तोंडाचा रकाना नसतो. दंतवैद्यकाच्या नियतकालिकांच्या संपादकांना, विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्यांना आणि 'रोगकारण : मुखाची अस्वच्छता' असे उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच विचारायचे : रुग्णाच्या वयाशेजारी, अळ्यांच्या संख्येशेजारी आणि त्यांच्या मिलिमीटरांशेजारी, हे तोंड शेवटचे कोणी आणि कधी पाहिले होते, ही नोंद पुढच्या अहवालात येणार आहे का?